होसुईचे खरे आईबाबा कोण?

‘डीएनए टेस्ट करा, मग कळेलच!’ मालिकांमध्ये हा डायलॉग आला की समजायचं, आता कुणाचा तरी बाप बदलणार. जपानमध्ये हा सीन खरोखर घडला, फक्त हिरोइन होती एका पेअरची जात. नाव होसुई.

जपानी पेअर म्हणजे आपल्याकडच्या फळवाल्याकडे दिसणारं, बुडाशी फुगलेलं फळ नव्हे. ते सफरचंदासारखं गोल, कुरकुरीत आणि भरपूर रसाळ असतं. १९५४ मध्ये केलेल्या संकरातून होसुई तयार झाली आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. बघता बघता ती जपानच्या सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या जातींपैकी एक झाली. आईबापांच्या रकान्यात ‘री-१४’ आणि ‘याकुमो’ अशी नावं होती. तीस वर्षं सगळे तेच धरून चालले होते.

शंका आली ती फुलांमुळे. पेअरच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत. कुणाचा पराग चालेल आणि कुणाचा नाही, हे ‘एस’ नावाचं जनुक ठरवतं. प्रत्येक झाडात त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. होसुईत निघाल्या एस३ आणि एस५. याकुमोत होत्या एस१ आणि एस४. म्हणजे याकुमोकडून लेकीला काहीच आलेलं नाही? असं होऊच शकत नाही.

मग आले मायक्रोसॅटेलाइट मार्कर. नाव भारदस्त आहे, प्रकार सोपा. डीएनएमध्ये काही ठिकाणी तीच दोन-तीन अक्षरं परत परत येतात, जीए-जीए-जीए अशी, रेकॉर्ड अडकल्यासारखी. किती वेळा येतात, ते प्रत्येक जातीत वेगळं. समजा एका ठिकाणी आईकडे १० आणि १४ वेळा, बापाकडे १२ आणि १७ वेळा. मग लेकराकडे १० किंवा १४ पैकी एक आणि १२ किंवा १७ पैकी एक असायलाच हवं. पीसीआर करायचा, तुकड्यांची लांबी मोजायची, झालं. बायोटेकवाल्यांनो, तुमच्या प्रॅक्टिकलमधल्या त्या कंटाळवाण्या जेलचा हाच तो थरारक उपयोग!

गंमत अशी की ‘हा बाप नाही’ हे दोन-चार ठिकाणी गणित चुकलं तरी कळतं. ‘हाच बाप’ म्हणायला मात्र बरीच ठिकाणं जुळावी लागतात, कारण योगायोगाने तर कुणीही जुळेल. आणि आई कोण, बाप कोण, हे या मार्करवरून कळतच नाही. त्यासाठी हरितलवकातला डीएनए बघतात, तो पेअरमध्ये आईकडूनच येतो.

जपानी संशोधकांनी २००४ मध्ये निकाल जाहीर केला. री-१४ बाद, याकुमोही बाद. खरे पालक निघाले ‘कोसुई’ आणि ‘हिरात्सुका १’. कोसुई म्हणजे काही अनोळखी झाड नव्हे, जपानमधली पेअरची अव्वल जात!

आता तुम्ही म्हणाल, फळ गोड आहे ना, मग बाप कुणी का असेना? शेतकऱ्याला खरंच फरक पडत नाही. होसुईचं प्रत्येक झाड कलमाचं, म्हणजे एकाच झाडाची कॉपी. आपल्या हापूससारखंच. पण नवी जात तयार करणाऱ्याला पडतो, आणि मोठा पडतो. जवळच्या नात्यात संकर होत राहिले की रोपं कमजोर निघतात. जपानी पेअरमध्ये ही डोकेदुखी जुनी आहे, कारण अर्ध्या खानदानाच्या मुळाशी एकच पूर्वज बसलाय, ‘निजिस्सेकी’. अर्थ ‘विसावं शतक’. १८८८ मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलाला हे रोप कचऱ्याच्या ढिगात सापडलं होतं. कोसुई त्याचं नातवंड, हिरात्सुका १ त्याचं लेकरू. म्हणजे होसुईत तो दोन्ही बाजूंनी आला.

‘अकिझुकी’ या लोकप्रिय जातीची कथा तर आणखी भारी. होसुईचं गुपित फुटायच्या आधीच ती तयार झाली होती. निइताका आणि होसुईचा संकर केला, त्यातून आलेल्या झाडाचा पुन्हा कोसुईशी संकर केला. कागदावर कोसुई फक्त बाप. नवा निकाल लावला की तोच कोसुई अकिझुकीचा पणजोबाही ठरतो. किंवा पणजी!

या मार्करची मर्यादाही आहे. बार्टलेट या युरोपीय पेअरच्या झाडाच्या एका फांदीवर लाल फळं आली आणि तिच्यापासून ‘मॅक्स रेड बार्टलेट’ ही जात झाली. डोळ्यांना फरक लांबूनही दिसतो. मायक्रोसॅटेलाइट मात्र दोघांना एकच समजतात.