ओटा कोपराने मोजावा

दवाखान्यात येणाऱ्या वृद्धांना मी गुडघ्यांविषयी, साखरेविषयी, झोपेविषयी प्रश्न विचारतो. गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे : "घरी भांडी कुठे घासता?" हा प्रश्न ऐकून अनेकजण हसतात. डॉक्टरांनी रक्तदाब पाहावा, भांड्यांची चौकशी कशाला, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो. या प्रश्नामागे माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगतो.

माझा व्यवसाय अमरावतीत, वडिलोपार्जित घर अकोल्यात. तेथे आई आणि धाकट्या भावाचे कुटुंब राहते. घर माणसांनी भरलेले आणि, खरे सांगायचे तर, पसाऱ्याचे. रात्रीची खरकटी भांडी सकाळी मावशी येईपर्यंत तशीच पडून. ओट्यावर आईच्या औषधांच्या बाटल्या, दुधाचे पातेले, अर्धा चिरलेला कांदा आणि कुणाचा तरी चष्मा. स्वयंपाकघर नव्याने बांधायचे ठरले तेव्हा मी उत्साहाने पुढे झालो आणि दुकानातले सर्वांत खोल, दहा इंचांचे सिंक निवडले. सारी भांडी त्यात बुडून जातील आणि ओटा तेवढा नेटका दिसेल, असा माझा हिशेब होता. आईची उंची चार फूट दहा इंच. तिने पहिल्याच दिवशी आत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "लेका, हे बेसिन हाय का इहीर?" आम्ही सगळे हसलो.

पुढे काय झाले ते आम्हांला उशिरा कळले. सिंकमध्ये वाकून कंबर भरून येते म्हणून आईने मागच्या मोरीत पाटावर बसून भांडी घासायला सुरुवात केली होती. कुणाला बोलली नाही. एका दुपारी पाटावरून उठताना साबणाच्या पाण्यावर पाय सरकला, तिने हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. खुब्याचे हाड वाचले, हे आमचे नशीब. आयुष्यभर इतरांना 'ओल्या फरशीवर जपून चाला' असे सांगणाऱ्या मुलाने आपल्याच आईला त्या ओल्या फरशीवर पाठवले होते. आज सिंक आणि ओट्याविषयी लिहितो आहे, ते या अनुभवातून.

पसारा गृहीत धरा

स्वयंपाकघराचा नकाशा काढताना आपण बहुधा एका कल्पित घराचा विचार करतो. त्या घरात जेवण झाले की लगेच भांडी घासली जातात, पुसली जातात आणि जागच्या जागी जातात. प्रत्यक्षात ज्या घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे, दोन-दोन तासांनी चहा, पेज, औषध चालले आहे आणि सांभाळणारी व्यक्ती स्वतःच साठीच्या पुढची आहे, तेथे असे घडत नाही. म्हणून आपल्या घराच्या सवयी जशा आहेत तशा मान्य कराव्यात आणि ओटा त्यांच्यासाठी बांधावा.

स्वच्छतेचे नाव घेताच आपल्या वऱ्हाडात गाडगेबाबांची आठवण होते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले बाबा गावात आले की आधी स्वतः खराटा हाती घेत, गावाचे रस्ते झाडून काढीत आणि रात्री कीर्तन करीत. हाताने करायचे काम आधी आणि उपदेश नंतर, हा त्यांचा क्रम होता. घरातल्या पसाऱ्याबाबत आपला क्रम बहुधा उलटा असतो. सुनेला, सासूला, कामाच्या मावशींना बोल लावून झाले तरी सिंक तिथेच राहते. ते आधी बदलू या.

उंची आणि खोली

गवंडी सहसा एकाच ठरावीक उंचीचा ओटा बांधतो, सुमारे ३४ ते ३६ इंचांचा. आपल्या घरासाठी ही उंची आपण ठरवायची. घरात जी व्यक्ती सर्वाधिक वेळ ओट्याशी उभी राहते, तिला सरळ उभे करावे, हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. ओटा त्यापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा. ज्वारीची भाकरी थापताना वरून जोर द्यावा लागतो. म्हणून ज्या घरी रोज भाकरी होते, तेथे सहा इंचांकडे झुकावे. घरात उंच आणि ठेंगणी अशी दोन्ही माणसे असतील तर माप ठेंगण्या व्यक्तीचे घ्यावे. उंच व्यक्तीसाठी ओट्यावर जाड पाट ठेवून उंची वाढवता येते. बांधलेला ओटा खाली करता येत नाही.

सिंकची गोष्ट याहून निराळी आहे. ओट्यावर काम वरच्या पृष्ठावर होते, सिंकमध्ये ते तळाशी होते. ३४ इंच उंचीच्या ओट्यात १० इंच खोलीचे सिंक बसवले की हात २४ इंचांवर उतरतात. म्हणजे जवळजवळ गुडघ्याच्या वर एक वीत. मणक्यांची झीज झालेल्या व्यक्तीने तेथे वीस मिनिटे वाकणे म्हणजे कंबरदुखीला आमंत्रण. उंच माणसाला आठ इंच खोली चालेल. कमी उंचीच्या व्यक्तीला सात इंच पुरे. याची परीक्षा सोपी आहे. सिंकसमोर सरळ उभे राहून, कंबर न वाकवता, हाताची बोटे तळाच्या मध्यभागी टेकली पाहिजेत. खोल सिंक आधीच बसलेले असेल तर लगेच फोडाफोडी करू नये. तळाशी दोन-तीन इंच उंचीची भक्कम स्टीलची जाळी ठेवावी. तळ वर येतो आणि खालून पाणीही वाहते.

एक कप्पा की दोन?

नेटक्या घराला दोन कप्प्यांचे सिंक शोभते. पसाऱ्याच्या घरात दोन्ही कप्पे भरतात आणि परात, कुकर, तवा यांपैकी एकही धड आडवा होत नाही. अशा घरी सुमारे २४ बाय १८ इंचांचा एकच मोठा कप्पा घ्यावा आणि त्याच्या शेजारी किमान दीड फूट मोकळी, सिंककडे उतार असलेली जागा सोडावी. या जागेवर एक प्लास्टिकचे घमेले कायमचे ठेवावे. घासायची वाट पाहणारी भांडी सिंकमध्ये न जाता घमेल्यात जातील. त्यामुळे सिंक रिकामे राहते आणि मध्यरात्री औषधासाठी उठलेल्या माणसाला पेला धुता येतो.

घमेल्यात भांडी ठेवण्यापूर्वी खरकटे डब्यात काढावे. त्यासाठी झाकणाचा डबा सिंकच्या अगदी जवळ, न वाकता हात पोचेल असा असावा. चार पावले दूर असलेल्या डब्यात दमलेला माणूस खरकटे टाकत नाही. सुरी, किसणी, विळी मात्र पाण्यात बुडवून ठेवू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या हातांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना फेसाखाली कापलेले कळतही नाही.

आपल्याकडचे पाणी

अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून आणि अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी मिळते; पण नळ रोज येईलच, याचा भरवसा आपण कधी धरत नाही. म्हणून आपल्या स्वयंपाकघरात साठवणीच्या पाण्याची जागा आधी ठरली पाहिजे. जड पिंप जमिनीवर ठेवून वाकून पाणी काढण्यापेक्षा ते भक्कम तिवईवर ठेवावे आणि त्याला तोटी बसवून घ्यावी. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. झाकण घट्ट हवे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत त्यांतून नवा डास उडतो. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून, आतून घासून, कोरडे करावे. आरोग्य विभाग ज्याला 'कोरडा दिवस' म्हणतो, तो हाच.

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी खारट असते. त्यातील क्लोराइडमुळे हलक्या स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि त्यांत घाण साचते. सिंक '३०४' दर्जाच्या स्टीलचे आहे, असे बिलावर लिहून घ्यावे. चुंबक चिकटत नाही, एवढ्यावर विश्वास ठेवू नये. काही हलक्या प्रतींनाही तो चिकटत नाही. रात्री शेवटी सिंक एकदा कोरड्या फडक्याने पुसले तर ते अधिक टिकते आणि झुरळांनाही पाणी मिळत नाही.

सिंकखालच्या नळीला वाकडा 'ट्रॅप' आहे का, हेही पाहावे. त्या वळणात साठलेले पाणी गटाराची दुर्गंधी आणि किडे अडवते. नुसती लवचीक नळी मोरीत सोडली तर हा अडसर राहत नाही. उन्हाळ्यात मुलांकडे पुण्याला महिनाभर राहून परत आल्यावर घरात वास येत असेल, तर बहुधा हे पाणी आटलेले असते. तांब्याभर पाणी ओतले की काम होते.

निथळणारी भांडी

फिनलंडमध्ये मायू गेब्हार्ड या गृहव्यवस्थेच्या अभ्यासक महिलेने १९४४-४५ च्या सुमारास सिंकच्या वर बसवायचे, तळाशी जाळी असलेले कपाट तयार केले. धुतलेली ताटे थेट त्यात ठेवायची. पाणी सिंकमध्ये निथळते आणि ताटे तेथेच राहतात. पुसणे आणि पुन्हा लावणे ही दोन कामे नाहीशी झाली. आपल्याकडची भिंतीवरची स्टीलची मांडणी हेच करू शकते. फक्त ती सिंकच्याच वर हवी आणि खालचा कप्पा घरातील सर्वांत ठेंगण्या व्यक्तीच्या खांद्याच्या वर नको. रोज लागणारे सामान कंबर ते खांदा या पट्ट्यात असावे. वरच्या फळीसाठी स्टुलावर चढणे साठीनंतर बंद.

घासणी आणि फडकी ओली राहिली की त्यांत जंतू वाढतात. त्यांच्यासाठी सिंकजवळ एक खुंटी ठोकावी आणि रोज ती उन्हात कडकडीत वाळवावीत. वऱ्हाडात उन्हाची टंचाई नाही.

पाय, डोळे आणि हात

सिंकपुढची फरशी खरबरीत असावी. चिंध्यांची सुटी पायपुसणी काढून टाकावीत. रबरी तळाची, चारी कोपरे चिकटून राहणारी चटई चालेल. काळ्या ग्रॅनाइटवर सांडलेले पाणी आणि पडलेली सुरी मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ओट्याचा दगड फिका निवडावा. काळा असेलच, तर सिंकच्या बरोबर वर दिवा लावावा. मागच्या दिव्याने आपलीच सावली भांड्यांवर पडते. फिरवण्याच्या नळाऐवजी दांडीचा नळ बसवावा; संधिवाताच्या बोटांना तो मनगटाने उघडता येतो. सिंकखालची दारे काढून गुडघ्यांना जागा केली तर उंच स्टुलावर बसूनही काम होते. स्टुलाला पाठ असावी आणि चाके नसावीत. फिनेल, अॅसिड मात्र शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नये. अधू दृष्टीच्या माणसाने ते पाणी समजून प्यायल्याचे प्रसंग मी पाहिले आहेत.

पसारा वाढला तर

सांभाळणाऱ्यांना एक गोष्ट विशेष सांगतो. जे घर नेहमीच अस्ताव्यस्त असते, त्याची मला काळजी वाटत नाही. ज्या आजींचा ओटा चाळीस वर्षे लखलखीत होता, त्यांच्याकडे चार-सहा महिन्यांत भांडी तुंबू लागली, दूध वारंवार उतू जाऊ लागले, गॅस चालू राहू लागला, तर त्यांना रागावू नका, डॉक्टरांकडे न्या. मोतीबिंदू, दुखरे गुडघे, थायरॉईडची किंवा बी-१२ ची कमतरता, नैराश्य, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. स्वयंपाकघर ही वृद्ध स्त्रीच्या प्रकृतीची नोंदवही असते. ती अधूनमधून वाचावी.

आमच्या अकोल्याच्या घरी आता सात इंचांचे सिंक आहे, शेजारी निळे घमेले आहे आणि पसारा पूर्वीइतकाच आहे. आई आपला कप, आपले ताट आणि चहाचे पातेले स्वतः घासते. आम्ही अडवत नाही. मोडलेल्या मनगटाला त्या कामाने बळ आले, हे डॉक्टर म्हणून मी सांगतो. त्या घरात आपले काम शिल्लक आहे याचे समाधान तिच्या चेहऱ्यावर दिसते, हे मुलगा म्हणून सांगतो.

तेव्हा गवंड्याला बोलावण्यापूर्वी, दुकानात जाण्यापूर्वी, घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला भिंतीशी उभे करा, तिचे कोपर मोजा आणि तो आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. मी तो कागद न घेता दुकानात गेलो होतो.