हृदयाच्या स्नायूचे चित्र

घरातील धडधाकट मुलगा धावता धावता कोसळतो आणि पुन्हा उठत नाही. कोणी उन्हाला बोल लावतो, कोणी दैवाला. पण अशा मृत्यूच्या मुळाशी कित्येकदा हृदयाच्या स्नायूचा विकार दडलेला असतो. रक्तवाहिनी तुंबून येणाऱ्या झटक्याहून हा विकार निराळा. यात स्नायू प्रमाणाबाहेर जाड होतो, सैल पडून फुगतो, अथवा ताठर बनतो.

हा स्नायू डोळ्यांना दिसावा कसा? १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे वैद्य आणि हेल्मुट हेर्त्झ हे पदार्थवैज्ञानिक यांनी धातूतील दोष शोधणारे ध्वनियंत्र हृदयावर चालवून पाहिले. कानास ऐकू न येणारा ध्वनी छातीत सोडावयाचा व त्याच्या प्रतिध्वनीवरून हृदयाची हालचाल टिपावयाची, अशी ही युक्ती. हीच आजची ‘इको’ तपासणी. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड असते. मोठ्या माणसात ती दीड सेंटिमीटर वा अधिक भरली आणि रक्तदाबासारखे दुसरे कारण आढळले नाही, तर जाड स्नायूचा विकार मानतात.

इकोने जाडी कळते. व्रण मात्र नीट कळत नाही. त्यासाठी चुंबकाच्या बळावर चालणारी ‘एम. आर. आय.’ तपासणी आहे. शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देतात. निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जाते, व्रणात रेंगाळते. म्हणून चित्रात व्रण उजळ दिसतो. हृदयाचा ठोका बिघडण्याचा धोका अशा व्रणांतूनच पुष्कळदा उद्भवतो. ठोका सावरणारे यंत्र छातीत बसवावे की नाही, हे ठरविताना या चित्राचे साहाय्य होते.

हा विकार बहुधा रक्तातून उतरतो. जाड स्नायूचा आनुवंशिक दोष आईत वा वडिलांत असल्यास प्रत्येक अपत्यात तो येण्याचा संभव निम्मा असतो. २००९ साली हैदराबादचे शास्त्रज्ञ कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातील एक दोष भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आहे. तो असलेल्या प्रत्येकास विकार होतोच असे नव्हे. पण वाढत्या वयात धोका वाढतो.

कामरेज व सुरत परिसरात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. आजोबा गावी राहिले, नातवंडे इकडे वाढली; काका कशाने गेले, हे मुलांस ठाऊकच नसते. वैद्याला मात्र प्रथम तीच माहिती हवी असते. म्हणून सुटीत गावी जाल तेव्हा वडीलधाऱ्यांस विचारा: आपल्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेले काय? कोणास श्रमताना घेरी येत असे काय? उत्तर ‘होय’ आल्यास आईवडील, भावंडे व मुले या सर्वांची ई. सी. जी. आणि इको तपासणी करवून घ्या. मुलांची तपासणी एकदाच करून भागत नाही. ती वाढत असता वैद्य सांगतील तेव्हा पुन्हा करावी. श्रम करताना आलेली घेरी अशक्तपणा समजून सोडून देऊ नये. गेलेला परत येत नाही. त्याच्या पाठच्या भावंडांस मात्र वेळीच जपता येते.