‘मधुमेह’ ही संज्ञा आणि आहारविचार

रोगांची जुनी नावे बहुधा इंद्रियांना जाणवणाऱ्या लक्षणांवरून पडलेली असतात. ‘मधुमेह’ हे त्यांपैकीच एक होय. ‘मेह’ हा शब्द मूत्रविसर्जनवाचक ‘मिह्’ धातूपासून आला आहे. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांतील चार वातज प्रकारांपैकी एक आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धाव घेतात, हे निरीक्षणही तेथे नोंदलेले आहे. ग्रीक ‘डायबिटीस’चा मूळ अर्थ आरपार वाहून जाणे असा असून त्याला पुढे जोडलेले ‘मेलिटस’ हे लॅटिन विशेषण मधुवाचकच आहे. दोन्ही नावे एवढेच सांगतात की, शरीरातून काही गोड बाहेर पडत आहे. ते गोड कोठून आले, याविषयी ती मौन पाळतात.

लोकव्यवहाराने हे मौन स्वतःच्या समजुतीने भरून काढले. ‘त्यांना साखर आहे’, ‘शुगर वाढली’ या वाक्यांतील साखर म्हणजे रक्तातील ग्लुकोज. पण शब्द डब्यातल्या साखरेचाच. (संस्कृत ‘शर्करा’ फारसी-अरबीमार्गे युरोपात जाऊन ‘शुगर’ होऊन आपल्याकडे परतली, आणि परतताना रोगाचे नाव होऊन बसली, हा शब्दप्रवासही मोठा मनोरंजक आहे.) या द्व्यर्थतेतून दोन अनुमाने निघतात : साखर खाल्ल्याने हा रोग होतो, आणि साखर सोडली की भागते. मग चहा बिनसाखरेचा होतो, परंतु ताटातील भाताचा ढीग तसाच राहतो. गूळ तर निरुपद्रवी मानला जातो. वस्तुतः त्याचाही मुख्य घटक साखरेचाच म्हणजे सुक्रोज आहे. याहून क्लेशदायक प्रकार लहान मुलांच्या बाबतीत घडतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. त्याला मुलाने खाल्लेला खाऊ कारण नसतो. तरीही ‘फार गोड खाऊ घातलेस’ हा दोष आईच्या माथी येतो, आणि ज्याला इन्सुलिनवाचून जगता येत नाही अशा मुलावर पथ्याचे प्रयोग करण्याचा मोह होतो.

दुसऱ्या प्रकारात, आणि बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे असतात, आहाराचा संबंध निश्चित आहे. मात्र तो जिभेला कळणाऱ्या गोडीपुरता नाही. भात, पोळी, भाकरी यांतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोजच होते. ते पेशींत पोहोचविण्याचे कार्य इन्सुलिन करते. शरीरात, विशेषतः पोटाच्या पोकळीत व यकृतात, चरबी साठली म्हणजे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. स्वादुपिंड अधिक स्राव करून काही काळ ही उणीव भरून काढते, आणि ते थकले की रक्तातील ग्लुकोज चढू लागते. म्हणून प्रश्न संपूर्ण ताटाचा आहे. साखर मात्र यातून निर्दोष सुटत नाही. साखरयुक्त पेयांचे नित्य सेवन आणि हा रोग यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असावा. याच पाहणीच्या २०२५ मधील आहारविषयक लेखात भारतीयांचे सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात असे दिसले. त्यातील एक निष्कर्ष आपल्या भाकरीप्रेमाला किंचित धक्का देणारा आहे : कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेच ठेवून केवळ पांढऱ्या तांदळाऐवजी गहू वा भरड धान्य घेतल्याने धोका कमी झालेला दिसला नाही, कर्बोदकांचा काही भाग डाळी वा दुधातील प्रथिनांना दिल्यास मात्र तो कमी दिसला. आपल्याकडे प्रमाणाचा विचार अधिक निकडीचा का, याचे उत्तर अंशतः पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात सापडते. २००४ मध्ये त्यांनी व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, देहवस्तुमान निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के होती. ‘बारीक आहे, त्याला कसला मधुमेह?’ हा आपला नित्याचा युक्तिवाद या दोन आकड्यांपुढे टिकत नाही.

चरकाने प्रमेहाच्या कारणांत गुळाचे पदार्थ सांगितले आहेत, पण त्यांच्याच जोडीला बैठे सुख, अतिनिद्रा, दही आणि नवे धान्यही सांगितले आहे. स्थूल रोगी व कृश रोगी असा भेद करून त्याने उपचारही वेगळे मानले. त्यात आजचे दोन प्रकार शोधण्याची घाई करू नये. तथापि जुन्या विवेचनाची कक्षा आजच्या ‘शुगर’ या शब्दाहून विस्तृत होती, एवढे म्हणता येते. आहार व व्यायाम यांत बदल केल्याने काय साधते, हे चेन्नई येथील डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ मधील अभ्यासावरून कळते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींपैकी ज्यांना नेहमीचा सल्लाच मिळाला, त्यांच्यातील ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या राहणीत बदल घडवून आणला, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले.

राहिला संज्ञेचा एक दोष. उपाशीपोटी रक्तातील ग्लुकोज दर १०० मिलिलिटरला १२६ मिलिग्रॅम वा अधिक असल्याचे पुन्हा तपासूनही दिसले, तर मधुमेहाचे निदान होते. मूत्रात ते सामान्यतः सुमारे १८० च्या पुढे उतरते. या दोहोंमधल्या काळात, आणि तो काही वर्षांचाही असू शकतो, मूत्रात मधुरता नसते, मुंग्या येत नाहीत, बहुधा तहानही वाढत नाही. ज्या लक्षणावरून रोगाला नाव मिळाले ते लक्षणच अनुपस्थित असते, आणि डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांची हानी मात्र सुरू झालेली असू शकते.