कीर्द-खतावणी ते डेटाबेस

पेढीवर कीर्द आणि खतावणी या दोन वह्यांना पिढ्यान्‌पिढ्या मान आहे. दिवसाचा व्यवहार प्रथम कीर्दीत उतरतो आणि तेथून ज्याच्या-त्याच्या खात्यावर खतावणीत जातो. संगणकावरील डेटाबेस ही याच शिस्तीची पुढची पायरी होय.

आज अनेक दुकानांत ही शिस्त विखुरलेली दिसते. बिले एका संगणकात, ग्राहकांचे क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये, शिल्लक मालाचा अंदाज नोकराजवळ आणि जुन्या उधारीचा हिशेब वडिलांच्या स्मरणात! वडील अंथरुणाला खिळले, तर वसुली थांबते. एकच ग्राहक एका यादीत ‘रमेशभाई’ आणि दुसऱ्या यादीत ‘आर. शहा’ असला, तर त्याची खरी बाकी कोणालाच सांगता येत नाही.

या अडचणीचे उत्तर आय.बी.एम.मधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडले. त्यांच्या विचाराप्रमाणे माहिती तक्त्यांत ठेवावी: ग्राहकांचा एक तक्ता, मालाचा दुसरा, बिलांचा तिसरा. प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र क्रमांक असतो आणि बिलावर तोच क्रमांक येतो. पत्ता एकाच ठिकाणी लिहिलेला असल्याने तो तेथे बदलला की पुढे सर्वत्र नवाच दिसतो. ‘तीन महिन्यांवरील उधारी कोणाकडे?’ या प्रश्नाचे उत्तर क्षणात मिळते.

चांगल्या डेटाबेसचा आणखी एक गुण व्यापाऱ्यास सहज उमगेल. नावे आणि जमा या दोन्ही बाजू पूर्ण झाल्या, तरच व्यवहार नोंदला जातो. मध्येच वीज गेली, तरी अर्धवट नोंद राहत नाही.

मात्र यंत्र चुकीची नोंदही इमानाने जपते. म्हणून नोंद करणारा माणूस जबाबदार हवा, कोणी काय पाहावे व बदलावे हे ठरलेले हवे आणि रोजची एक प्रत दुकानाबाहेर सुरक्षित हवी. नोंद कोणी, केव्हा बदलली याचा मागही राहिला पाहिजे. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा माग ठेवणे १ एप्रिल २०२३ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे.

आरंभ लहान असावा. वडीलधाऱ्यांजवळ बसून ग्राहकांची एकच शुद्ध यादी आणि प्रत्येकाची बाकी प्रथम लिहून घ्यावी. पेढीची पत ज्या स्मरणावर उभी आहे, ते स्मरण पुढच्या पिढीच्या हाती असे सुखरूप पोहोचते.