भिंतीला फॉल, छताला किनार

नवी साडी आणली की आधी फॉल-बीडिंग. काठ जमिनीला घासतो, मळतो, विरतो म्हणून. भिंतीचंही तेच. ओल्या फडक्याचं पाणी, केरसुणीचे फटके, सोफा सरकवताना बसणारे दणके हे सगळं मुकाट्याने सोसणारी तीन-चार इंचांची पट्टी म्हणजे स्कर्टिंग. नावातच स्कर्ट आहे, आपण फॉल म्हणू. गावाकडच्या घरात भिंतीच्या पायथ्याशी गेरूचा नाहीतर काळा पट्टा ओढायचे, तेही याच कामासाठी.

वरच्या टोकाला, भिंत आणि छत भेटतात तिथे कॉर्निस. या दोघींची वंशावळ थेट रोमन खांबापर्यंत जाते. खांबाच्या बैठकीचा पाया झाला स्कर्टिंग आणि डोक्यावरची पुढे आलेली कड झाली कॉर्निस. आणि बैठकीचा मधला चौकोनी ठोकळा? त्याचं नाव डॅडो. ओट्यामागे टाइल लावताना आपला मिस्त्री ‘डॅडो किती फूट घ्यायचा?’ म्हणून विचारतो, तोच हा. इटालियनमध्ये डॅडो म्हणजे खेळायचा फासा! आपल्या मंदिरांतही अशी गोलसर, बाहेर झुकलेली कड असते. तिचं शास्त्रातलं नाव कपोत, म्हणजे कबुतर. मुंबईतल्या कुठल्याही जुन्या इमारतीची कॉर्निस बघा, नाव किती चपखल आहे ते पटेल.

हाच शब्द पुढे फार हिंडला. डोंगरकड्याला बिलगून जाणाऱ्या रस्त्याला फ्रेंच लोक कॉर्निश म्हणतात, आणि त्यावरून रोल्स रॉइसने १९७१ साली एका गाडीचं नाव ठेवलं. हिमालयात जाणाऱ्यांसमोर मात्र हा शब्द जपून वापरा. त्यांच्या लेखी कॉर्निस म्हणजे धारेवरून बाहेर, हवेत लोंबणारा बर्फाचा सज्जा. वरून दिसतो भक्कम, पाय ठेवला की खलास.

आपली घरगुती कॉर्निस बहुधा पीओपीची, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची. यातलं पॅरिस खरंच पॅरिस आहे. तिथल्या माँमार्त्र टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या. आपल्याकडचं जिप्सम मुख्यतः राजस्थानातून येतं. जिप्सम साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि पांढरी पूड उरते. घमेल्यात पुन्हा पाणी घातलं की ती घट्ट होते, गरमही होते. हात लावून बघा, मिस्त्री रागावणार नाही. सुकताना सिमेंट आकसतं, पीओपी मात्र घट्ट होताना किंचित फुगतं, म्हणून साच्यातली बारीकसारीक वेलबुट्टीही नीट उठते. एकच दुर्गुण, ओल सहन होत नाही. वरच्यांचं बाथरूम गळतंय ही बातमी सोसायटीच्या आधी तुमची कॉर्निस देते, पिवळा डाग पाडून.

आकार किती घ्यावा? राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे जेमतेम नऊ फूट. तिथे नऊ इंची नक्षीदार कॉर्निस म्हणजे भजी तळायला पैठणी. तीन-चार इंच पुरे.

स्कर्टिंगमध्ये आम्ही हात पोळून घेतलेत. दुकानदाराच्या गोड बोलण्याला भुलून एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंची सुंदर पांढरी पट्टी लावली. रोज फरशी पुसली जाणारं घर ते! एका पावसाळ्यात पट्टी चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली. आता लादीचंच स्कर्टिंग आहे आणि त्याचा हिशेब तोंडपाठ आहे. १० बाय १२ च्या खोलीचा घेर ४४ फूट, दाराचे ३ वजा, राहिले ४१. दोन बाय दोनच्या लादीतून चार इंची सहा पट्ट्या निघतात, म्हणजे १२ रनिंग फूट. चार लाद्या लागतात, फुटतुटीला पाचवी. यातली मेख अशी, की सहांपैकी दोनच पट्ट्यांना कारखान्यातली गुळगुळीत कड असते. बाकीच्यांची वरची कड घासून द्यायचं मिस्त्रीशी आधीच ठरवा, नंतर तो ‘ते वेगळं काम आहे’ म्हणतो. जाडी भिंतीच्या बाहेर आली तर वर धूळ बसते, शिवाय कपाट भिंतीला टेकत नाही आणि त्या फटीत मुलांच्या पेन्सिली कायमच्या जातात. लाकडी फ्लोअरिंगला नियम वेगळा. कडेने आठ-दहा मिलिमीटर फट सोडायची आणि स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फरशीला नव्हे. लाकूड पावसाळ्यात अंग पसरतं.

खरी परीक्षा कोपऱ्यात. एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा, दुसरीवर ४ फुटांवर, तिरकं अंतर बरोबर ५ भरलं तर भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात आहेत. नाही भरणार. म्हणून लाकडी पट्टीचे हुशार सुतार आतल्या कोपऱ्यात ४५ अंशांच्या भानगडीत पडत नाहीत. एक पट्टी सरळ भिंतीला भिडवतात, दुसरीचं टोक पहिलीच्या आकारात कोरून बसवतात. कॉर्निस तर मायटर बॉक्समध्ये, म्हणजे तिरकं कापायच्या खाचांच्या पेटीत, उलटी धरून कापतात, छताची बाजू खाली. पहिल्या दिवशी दोन-तीन तुकडे वाया जाणारच, ते धरून माल मागवा.

आणि उरलेल्या लाद्या भंगारात देऊ नका. खोक्यावरचा बॅच नंबर लिहून दोन तरी माळ्यावर टाका, कारण पुढच्या लॉटची छटा जुळेलच असं नाही.