दुसरी केबल का येत नाही?

संकेश्वरसारख्या गावात खांबाखांबावरून गेलेली केबलची काळी वायर बहुधा एकाच ऑपरेटरची असते. 1995 चा केबल कायदा मक्तेदारी कुणालाच देत नाही. नोंदणी केली की दुसराही येऊ शकतो. अडतं ते खर्चापाशी. गल्लीत वायर ओढायचा खर्च दहा घरं जोडली काय, शंभर जोडली काय, जवळपास तेवढाच. नळयोजनेतही मोठा पैसा मुख्य पाइपलाइनीत जातो, पुढची जोडणी स्वस्त पडते. त्याच घरांची दोघांत वाटणी झाली की प्रत्येक घरामागे तो खर्च दुपटीवर जातो. मग स्पर्धा नकोच का? हवीच, पण तिला दुसरी वायर लागतेच असं नाही. डिश थेट उपग्रहाकडून सिग्नल घेते, खांबाची गरजच नाही. दूरदर्शनने 2004 मध्ये मोफत डिशसेवा सुरू केली, तेव्हापासून मासिक भाडं न भरताही काही चॅनल दिसतात. गिऱ्हाइकापुढे छपरावरची ही वाट मोकळी असली, की केबलवाल्यालाही दर आणि तक्रार दोन्हींकडे लक्ष द्यावं लागतं.