मागच्या काचेचा शोध

गेल्या जानेवारीत, म्हणजे 2025 च्या, एका रविवारी सकाळी मी गाडीच्या मागच्या बाजूला तांदळाचं पोतं ठेवलं आणि काच जोरात खाली ओढली. पोत्याचा एक कान बाहेर राहिला होता, तो काही मला दिसला नाही. 'खळ्ळ' असा आवाज झाला. खडीसाखरेसारखे दाणे तांदळात, सीटवर, रस्त्यावर पसरले. बायको बाल्कनीतून म्हणाली, "अहो, तांदूळ तरी वाचलेत का?" वाचले नव्हते.

एका काचेचं एवढं काय, असं आपण म्हणाल. त्यासाठी गाडी कोणती ते सांगायला हवं. ही 1985 ची मारुती 800, पहिल्या घाटाची. पहिली गाडी 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, तो फोटो अनेकांना आठवत असेल. मी तेव्हा बँकेत नुकताच चिकटलेला कारकून. नोंदणीसाठी दहा हजारांचे ड्राफ्ट काढायला काउंटरवर रांग लागे. त्या रांगेत एक दिवस आमचे अण्णा उभे दिसले! आयुष्यभर तालुक्याच्या कोर्टात सायकलवरून गेलेला माणूस. त्यांचा ड्राफ्ट मीच लिहिला आणि घाईत त्यांच्या आडनावातली वेलांटी चुकवली. त्यांनी तो काउंटरवरून परत सरकवला. म्हणाले, "हातानं लिहिलेलं दोनदा वाचावं." गाडी दोन वर्षांनी आली. लाल रंगाची.

खरं तर ती जपानचीच. सुझुकीची 'फ्रॉन्टे' इथे मारुती झाली. सुरुवातीला सुटे भागच तिकडून यायचे आणि इथे जोडले जायचे. 1986 मध्ये कंपनीनं अंगकाठी बदलली, पण 796 सी.सी.चं तीन सिलिंडरचं इंजिन तेच ठेवलं. जुनी गाडी बाळगणाऱ्याचं सुखदुःख या एका वाक्यात आहे. इंजिनाचं बरंचसं सामान नाना पेठेत आजही मिळतं, कारण तेच इंजिन पुढे लाखो गाड्यांत आणि ओम्नी व्हॅनमध्ये बसलं. पण अंगावरचं काही मागा: दाराचं रबर, दिव्याची काच, बंपरचा कोपरा. काउंटरवरचा मुलगा विचारतो, "कुठलं मॉडेल, काका?" आणि उत्तर ऐकून मोबाईल पाहू लागतो.

त्यातही मागची काच. पुढच्या मॉडेलला मागे पत्र्याचं दार आलं. आमच्या गाडीला दार नाहीच, नुसती काच वर उघडते. बिजागऱ्या काचेलाच भोकं पाडून बसवलेल्या. बाकी पत्रा ठोकून घडवता येतो, हे करता येत नाही.

मंगळवार पेठेतला जुना बाजार मी चार रविवार पालथा घातला. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे गेलो. तिथे एकानं प्रेमानं सांगितलं, "साहेब, ही गाडी आता कापायलासुद्धा येत नाही." सगळ्यात गंमत पुढेच आहे. हीच गाडी पाकिस्तानात 'सुझुकी एफएक्स' नावानं धावली. म्हणजे कराचीच्या एखाद्या गल्लीत माझी काच धूळ खात असणार. पण 2019 पासून दोन देशांतला व्यापारच थांबलेला. एवढ्याशा काचेसाठी मी इतका हळहळेन असं वाटलं नव्हतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, मोडीत द्या." त्याचं चूक नव्हतं. जूनमध्ये आरटीओकडे फेरनोंदणी होती. त्याची फी एप्रिल 2022 पासून सहाशेची पाच हजार झालेली. पन्नास वर्षं पुरी झाली तर 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, पण ते 2035 साली. तेव्हा मी पंच्याहत्तरीचा. तूर्त मी पाट्या रंगवणाऱ्याकडून ॲक्रेलिकचा तुकडा कापून बसवला. तो सपाट आणि गाडी बाकदार, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोट जाईल एवढी फट. आरटीओत तो चालणार नव्हता.

एप्रिलअखेरीस आमच्या मिस्त्रींनी मिरजेचा पत्ता दिला. मे महिन्यात त्याच गाडीतून गेलो. निवृत्त मास्तर, वय ऐंशीच्या पुढे. आंब्याखाली पांढरी गाडी, टायर बसलेले, आत कोंबडीची पिल्लं. मागची काच मात्र शाबूत. मी हात फिरवला तर मास्तर म्हणाले, "पुसून ठेवतो रोज. तेवढंच दिसतंय आता." त्यांना मोतीबिंदूनंतर एका डोळ्यानं जेमतेम दिसत होतं.

मला पैशाचं बोलता येईना. पस्तीस वर्षं लोकांना कर्ज नाकारलं, पण मागताना जीभ अडली. काच काढली की त्या गाडीत पहिल्या पावसात पाणी शिरणार आणि दोन पावसाळ्यांत पत्रा जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. मग माझ्या ॲक्रेलिकवर टकटक करून म्हणाले, "हे काय लावलंय?"

"तात्पुरतं आहे, सर."

"मग हे इथं लावा. फट आहे ती मी मेणकापडानं बुजवतो. तुमची तरी चालते."

मास्तरांनी पैसे घेतले नाहीत; पिल्लांना तांदळाची कणी मात्र मागितली. स्थानिक मिस्त्रीनं दुपारभर खपून दोन्हीकडची अदलाबदल केली. बिजागरीचे स्क्रू गंजलेले, एकेकाला रॉकेल पाजावं लागलं. काच उचलताना मास्तरांनी एका बाजूनं धरली होती. मी नको म्हणत होतो.

कऱ्हाडच्या अलीकडे वळवाचा पाऊस कोसळला. मी गाडी कडेला घेतली, मागे जाऊन सीटखाली हात घालून पाहिलं. कोरडं होतं. मिरजेतही पाऊस असेल का, म्हणून मास्तरांना फोन लावला.

"आहे ना," ते म्हणाले, "मेणकापड धरून उभा आहे. नंतर करा."